कागदावरच्या एकरांचे अनुदान

अमेरिकेच्या आयोवा राज्यात 99 काउंट्या आहेत. त्यांपैकी क्षेत्रफळाने सर्वांत मोठी कोसूथ. भारतातल्या जिल्ह्यासारखाच हा प्रशासकीय घटक, पण वस्ती जेमतेम 15 हजारांची. मिनेसोटाच्या सीमेपर्यंत पसरलेल्या इथल्या सपाट, काळ्या जमिनीत मुख्यतः मका आणि सोयाबीन आलटून-पालटून घेतात. या पिकांच्या अर्थकारणात सरकारी अनुदानाचा वाटा मोठा आहे.

अनुदानाची सुरुवात 1933 मधली. महामंदीत शेतमालाचे भाव कोसळले होते आणि कृषिमंत्री हेन्री वॉलेस मूळचे आयोवाचेच होते. पेरा कमी करणाऱ्याला पैसे द्यायचे आणि पुरवठा आवरून भाव सावरायचा, हा त्या वेळचा मार्ग. पेऱ्यावरची बंधने 1996 मध्ये जवळजवळ उठली. पैसे देणे मात्र थांबले नाही.

आजची चौकट 2014 च्या कायद्याची आहे. तिच्यात शेतकऱ्यापुढे दोन योजना असतात. पहिलीत पिकाचा संदर्भभाव कायद्यातच लिहिलेला असतो आणि देशातला हंगामभराचा सरासरी भाव त्याखाली गेला, तर फरकाच्या हिशेबाने रक्कम मिळते. मक्याचा हा भाव बुशेलला, म्हणजे सुमारे 25.4 किलोला, 3.70 डॉलर होता. 2025 मध्ये तो 4.10 झाला, सोयाबीनचा 8.40 वरून 10 डॉलरवर गेला.

दुसरी योजना काउंटीवर बेतलेली आहे. मागच्या 5 वर्षांतले सर्वांत चांगले आणि सर्वांत वाईट आकडे वगळून उताऱ्याची आणि भावाची सरासरी काढतात व त्यावरून एकरी उत्पन्न ठरवतात. काउंटीचे प्रत्यक्ष उत्पन्न त्याच्या 86 टक्क्यांखाली गेले की भरपाई सुरू होत असे. 2025 च्या कायद्याने ही मर्यादा 90 टक्के केली. एखाद्याचा मका गारपिटीने आडवा झाला, पण काउंटीचा उतारा आणि भाव चांगला राहिला, तर या योजनेतून त्याला काही मिळत नाही. त्यासाठी वेगळा पीकविमा काढावा लागतो. त्याच्याही हप्त्याचा निम्म्याहून मोठा भाग सरकारच भरते. 2019 मध्ये चीनबरोबरच्या व्यापारयुद्धाची भरपाई देतानाही दर काउंटीनिहायच ठरले, एकरी 15 ते 150 डॉलर. हद्दीच्या रस्त्याअलीकडे एक रक्कम आणि पलीकडे दुसरी, अशी स्थिती त्यामुळे आली.

या दोन्ही योजनांचा सर्वांत दूरगामी नियम एकरांच्या मोजणीचा आहे. यंदा काय पेरले यावर अनुदान ठरत नाही. जुन्या पेऱ्यावरून जमिनीच्या नावे नोंदलेल्या ‘बेस एकरां’वर ठरते. मक्याचे 100 बेस एकर असतील आणि यंदा तिथे सगळे सोयाबीन असेल, तरी मक्याचा भाव पडल्यावर मक्याचेच अनुदान येते. हिशेबात 100 पैकी 85 एकर धरतात. अनुदानाच्या आशेने कोणी पेरा बदलू नये, हा त्यामागचा हेतू रास्त आहे. पण हक्क जमिनीला चिकटला, की त्याची किंमतही जमिनीलाच चिकटते. आयोवातली निम्म्याहून अधिक शेतजमीन खंडाने कसली जाते. रोख खंड असेल तर अनुदान कसणाऱ्याच्या खात्यात जमा होते, पण मालक त्याचा अंदाज बांधूनच खंड मागतो. मालकांत वृद्ध पुष्कळ आणि राज्याबाहेर राहणारे वारसही. शेतीत नव्याने उतरणाऱ्या तरुणाला मदतीचा हात म्हणून दिलेला पैसा त्याचीच जमीन महाग करतो, आणि हा या व्यवस्थेतला सर्वांत मोठा अन्याय आहे.

कारभार काउंटीतच चालतो. केंद्रीय कृषी खात्याच्या फार्म सर्व्हिस एजन्सीच्या, कोसूथमधल्या अल्गोना इथल्या कार्यालयात पेऱ्याची नोंद द्यावी लागते आणि शेतकऱ्यांनी आपल्यातून निवडलेली समिती स्थानिक कामकाजावर देखरेख ठेवते. अनुदानाची रक्कम बाजारवर्ष संपल्यावर, म्हणजे कापणीनंतर साधारण वर्षाने, ऑक्टोबरमध्ये येते. बियाणे-खतांची बिले तोवर बँकेच्या कर्जातून भागवावी लागतात. अनुदानाची मर्यादा एका व्यक्तीला वर्षाला 1,25,000 डॉलरची होती. 2025 मध्ये ती 1,55,000 झाली. शेती भागीदारीत असेल तर पात्र भागीदारांची मर्यादा वेगवेगळी मोजली जाते, त्यामुळे मोठ्या शेतांना ती फारशी आड येत नाही.