दक्षिणा, फेलोशिप आणि फोंड्याची वाट

फोंडाघाट हें गांव सह्याद्रीच्या पायथ्याशीं आहे. तेथून घाट चढलें म्हणजे दाजीपूर, राधानगरी करीत कोल्हापूर गांठतां येतें. खालीं कणकवलीवरून एक वाट मालवणकडे व दुसरी देवगडकडे जाते. दक्षिण कोंकणांतील हुशार मुलगा शिकावयास कोणत्या दिशेस जात असे, या प्रश्नाचें अर्धें उत्तर या भूगोलांतच आहे. मुंबईस जावयाचें तर समुद्र, आणि समुद्र पावसाळ्यांत बंद. देशावर जावयाचें तर फोंड्यासारखा घाट. उत्तराचें उरलेलें अर्ध मात्र भूगोलांत नाहीं. तें पैशांत आहे. आणि तो पैसा कोठून आला हें पाहूं गेल्यास आपण थेट दाभाड्यांच्या तळेगांवापर्यंत जाऊन पोंचतों.

श्रावणमासीं विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा वांटण्याची चाल सेनापति खंडेराव दाभाडे यांनीं तळेगांवीं पाडली. १७३१ सालीं डभईच्या लढाईंत त्र्यंबकराव पडल्यानंतर ही चाल पेशव्यांनीं पुण्यास चालविली. रमण्यांत होणारें सरसकट वाटप निराळें व शास्त्री-वैदिकांची परीक्षा घेऊन त्यांच्या योग्यतेप्रमाणें दिलेली रक्कम निराळी, हा भेद येथें ध्यानांत ठेविला पाहिजे. पहिला दानधर्म होय. दुसरें गुणानुसार वेतन होय. दक्षिणेच्या याद्या चाळणारे पुष्कळ जण आंकड्यांच्या बेरजेवर भर देतात व हा भेद विसरतात. आमच्या मतें पुढील सर्व इतिहासाचें बीज या दुसऱ्या प्रकारांतच आहे.

पेशवाई गेल्यावर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनीं दक्षिणा एकदम बंद केली नाहीं. सालीना सुमारें पन्नास हजार रुपयांची रक्कम चालू राहिली, व तींतील कांहीं भाग १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत उघडलेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळविण्यांत आला. या पाठशाळेस त्या काळीं हिंदु कॉलेज असें नांव होतें. पुढें १८५१ सालीं ही पाठशाळा व सरकारी इंग्रजी शाळा यांचें एकीकरण होऊन पूना कॉलेज बनलें. त्यासच १८६४ पासून डेक्कन कॉलेज म्हणूं लागले. त्याच सुमारास लोकहितवादी प्रभृति तरुण मंडळीच्या अर्जावरून दक्षिणेचा एक भाग मराठी ग्रंथकारांस बक्षीस देण्यासाठीं निघाला व १८५१ सालीं दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. जुन्या मंडळींनीं यास कडाडून विरोध केला. आमचें अन्न तोडलें असें त्यांस वाटलें, आणि एका दृष्टीनें तें खरेंहि होतें.

शेवटीं या निधीतून कॉलेजांत दक्षिणा-फेलो नेमण्यांत येऊं लागले. फेलोनें स्वतःचा अभ्यास चालू ठेवावा व खालच्या वर्गांस शिकवावें, अशी ही योजना होती. सरकारास त्यांत दोन लाभ होते: हुशार विद्यार्थी कॉलेज सोडून नोकरीच्या मागें जात नसे, आणि थोड्या खर्चांत शिक्षकहि मिळे.

आतां मालवणाकडे वळूं. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजीं मालवणास झाला. वडील महसूल खात्यांत कारकून. मुलाचें इंग्रजी शिक्षण रत्नागिरीस झालें व १८५३ सालीं तो मुंबईस एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें गेला. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ सालीं झाली. १३२ उमेदवारांपैकीं २२ उतरले. १८६२ सालीं बी. ए. झालेले पहिले पदवीधर चारच, त्यांत रानडे आणि भांडारकर होते. दोघेहि दक्षिणा-फेलो.

यांतील एक गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे. भांडारकर हे सारस्वत. षट्कर्मी कोण व त्रिकर्मी कोण, या जुन्या वादांत सारस्वतांच्या प्रतिग्रहाच्या, म्हणजे दान घेण्याच्या, अधिकारावरच आक्षेप घेतला जात असे. ज्या निधीच्या नांवांतच दक्षिणा हा शब्द आहे, तो त्याच समाजांतील मालवणच्या मुलास केवळ परीक्षेच्या बळावर मिळाला, व त्यासाठीं शंकराचार्यांचें आज्ञापत्र कोणी मागितलें नाहीं. जातिनिर्णयाच्या कागदांचीं बाडें ज्यांनीं चाळलीं आहेत त्यांस या बदलाचें मोल निराळें सांगावयास नको. तथापि हा बदल पूर्ण होता असें मात्र समजूं नये. परीक्षेपर्यंत पोंचण्याचीं साधनें कोणाच्या घरीं होतीं, हा प्रश्न तसाच राहिला होता. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९०१ पासून वसतिगृहें काढलीं तीं याच प्रश्नाच्या उत्तरादाखल. गुणाला बक्षीस देणें हें एक काम व गुण दिसूं शकेल इतकें अन्न आणि छप्पर पुरविणें हें दुसरें.

मुंबईकडील पैशाचा उगम वेगळा आहे. तेथें राजाश्रयाची जुनी चाल नव्हती, वर्गणी होती. सर एडवर्ड वेस्ट हे न्यायाधीश व लॉर्ड क्लेअर हे गव्हर्नर, यांच्या नांवें निघालेल्या शिष्यवृत्त्या याच जातीच्या. दादाभाई नौरोजी यांस क्लेअर शिष्यवृत्ति मिळाली होती. विद्यापीठ निघाल्यावर खाजगी देणग्या येऊं लागल्या. नाना शंकरशेट १८६५ सालीं वारले व त्यांच्या नांवाची संस्कृताची शिष्यवृत्ति मॅट्रिक परीक्षेस जोडली गेली. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनीं भगवानदास शिष्यवृत्ति मिळविली. पांडुरंग वामन काणे यांनीं १९०१ सालीं बी. ए. स भाऊ दाजी पारितोषिक व १९०३ सालीं एम्. ए. स झाला वेदान्त पारितोषिक पटकाविलें. चिंतामणराव देशमुख १९१२ च्या मॅट्रिकला पहिले आले तेव्हां शंकरशेट शिष्यवृत्तीचे मानकरी तेच. कोंकण व गोमंतकाचीं नांवें या यादींत किती दाट आहेत हें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल.

या देणग्यांची रचना साधी होती. मुद्दल सरकारी प्रॉमिसरी नोटांत गुंतवावयाचें आणि व्याजांतून शिष्यवृत्ति द्यावयाची. मुद्दलास हात लागत नसे, म्हणून निधि टिकले. परंतु १८९४ च्या सुमारास सरकारनें चार टक्क्यांच्या कर्जाचे साडेतीन टक्के केले, तेव्हां अशा नोटांचें उत्पन्न एकदम अष्टमांशानें घटलें. पुढें रुपयाची किंमत उतरली ती वेगळीच. मुद्दल शाबूत व शिष्यवृत्ति नांवापुरती, ही अवस्था अनेक निधींस याच मार्गानें आली. शंकरशेट शिष्यवृत्तीचा मान टिकला तो रकमेमुळें नव्हे.

घाटावरील वाटेचा दाखला हवा असल्यास गोपाळ कृष्ण गोखले यांचा घ्यावा. कोतळूकचा हा मुलगा कागल-कोल्हापुरास शिकला, १८८१ सालीं मॅट्रिक होऊन नुकत्याच निघालेल्या राजाराम कॉलेजांत गेला. पण तेथें त्या वेळीं बी. ए. पर्यंतचा पूर्ण अभ्यासक्रम नसल्यानें डेक्कन व अखेर एल्फिन्स्टन कॉलेज करून १८८४ सालीं पदवीधर झाला. म्हणजे घाट जवळचा असला तरी शेवटचा मुक्काम मुंबईच. १८९१ सालीं कोल्हापुरास आगगाडी आली व फोंड्याची वाट चढून गेलेल्या मुलास पुढें पुणें सोपें झालें. पुण्यास तोंवर फर्ग्युसन कॉलेजहि उभें होतें. त्याची उभारणी मात्र संस्थानिकांच्या देणग्या आणि शिक्षकांचा स्वार्थत्याग यांवर झाली. राजाश्रय पुन्हा आला, पण या खेपेस वर्गणीच्या यादींतून.

संग्राहकांस एक विनंति. पेशवाईंतील दक्षिणेची यादी मिळाली तर आपण ती रुमालांत बांधून ठेवितों. परंतु त्याच घराण्यांतील नातवास आलेलें फेलोशिपचें नेमणूकपत्र, परीक्षेचा निकाल, मुलाला पाठविलेल्या खर्चाची टिपणवही हीं इंग्रजी अमलांतील म्हणून रद्दींत जातात. श्रावणांतील दक्षिणा घरांत कोणास किती मिळे व तीच जागा पुढें शिष्यवृत्तीनें केव्हां घेतली, हें एकाच घराच्या कागदांवरून दाखवितां येईल असे संच अशाच घरांतून मिळावयाचे आहेत. फोंड्यापासून मालवणपर्यंतच्या दमट हवेंत कागद फार दिवस टिकत नाहीं, हेंहि ध्यानांत असावें.

दक्षिणेचा हा पैसा अखेर पोथ्यांकडेच परत आला. १८८२ सालीं भांडारकर डेक्कन कॉलेजांत संस्कृताचे प्राध्यापक झाले व मुंबई सरकारसाठीं हस्तलिखितें शोधून विकत घेण्याचें काम त्यांनीं वर्षानुवर्षें केलें. १९१७ सालीं त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर निघालें. त्यांनीं स्वतःचा ग्रंथसंग्रह त्यास दिला, आणि डेक्कन कॉलेजांतील सरकारी हस्तलिखितांचा संग्रह १९१८ सालीं तेथें हलविण्यांत आला.