मुलाचा पालक कोण, हे कागदावर असू द्या

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, 2021च्या मे-जूनमध्ये, अहमदाबादमधल्या एका लहान मुलाचे आई आणि वडील महिनाभराच्या अंतराने गेले. वडिलांचे आई-वडील आणि मुलाची मावशी, दोघांनाही त्याला वाढवायचे होते. गुजरात उच्च न्यायालयाने ताबा मावशीला दिला. जून 2022मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून मुलाला आजी-आजोबांकडे सोपवले. केवळ उत्पन्न, वय आणि कुटुंबाचा आकार पाहून असा प्रश्न सोडवता येत नाही, असे त्या निकालाचे म्हणणे. माया दोन्ही घरी होती आणि तरीही प्रकरण दिल्लीपर्यंत गेले. अशा वादात ज्यांचे मत सर्वांत आधी विचारायला हवे, ती दोन माणसेच हयात नसतात. त्यांच्या वतीने बोलू शकतो तो एकच कागद, म्हणजे मृत्युपत्र. आपल्याकडे घर, जमीन, दागिने यांच्या वाटणीसाठी लोक ते करतात; मुलासाठी करावे हे फार थोड्यांना सुचते.

कायद्याने ही सोय फार पूर्वीच करून ठेवली आहे. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना लागू असलेल्या 1956च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचे कलम 9 म्हणते, की वडील मृत्युपत्राने मुलाचा पालक नेमू शकतात. पण आई मागे असेल, तर ती नेमणूक चालत नाही. पालक आईच राहते. पुढे तिने मृत्युपत्रात दुसऱ्या कुणाला नेमले, तर तिचा शब्द चालतो. तिने काहीच लिहिले नसेल, तर वडिलांची नेमणूक पुन्हा जिवंत होते. समजा, वडिलांनी काकाचे नाव लिहिले आणि आईने मामाचे. अपघातानंतर आई दोन दिवस जास्त जगली, तर मामा पालक ठरेल. मुलाचे घर असे मृत्यूच्या क्रमावर ठरू नये, म्हणून नवरा-बायकोने आधी बोलून दोघांच्या स्वतंत्र मृत्युपत्रांत एकच नाव लिहिणे शहाणपणाचे.

मुलाचा सांभाळ आणि त्याची मालमत्ता या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत आणि त्या दोन वेगळ्या माणसांवर सोपवता येतात. मायेची मावशी हिशेबात पक्की असेलच असे नाही. विम्याला किंवा बँकेच्या खात्याला नॉमिनी लावला म्हणजे पालक नेमला, हा समजही चुकीचा. नॉमिनी पैसे स्वीकारतो, मूल सांभाळण्याचा अधिकार त्याला मिळत नाही. एकत्र कुटुंबातल्या अविभक्त हिश्शासाठीही मृत्युपत्राने पालक नेमता येत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की शेवटी न्यायालयच ठरवणार, मग लिहून काय उपयोग? मुलाचे हित सर्वांत वर, हे खरेच आहे. अयोग्य पालकाला न्यायालय दूर करू शकते आणि तसेच असायला हवे. पण 1890च्या पालक व पाल्य कायद्यानुसार मृत्युपत्राने नेमलेल्या पालकाचे अधिकार संपेपर्यंत किंवा काढून घेतले जाईपर्यंत न्यायालय त्याच्या जागी दुसरा नेमत नाही. म्हणजे तो माणूस नको, हे विरोध करणाऱ्याला सिद्ध करावे लागते. याच कायद्याचे कलम 17 पालक निवडताना दिवंगत आई-वडिलांची इच्छाही विचारात घ्यायला सांगते. ख्रिस्ती व पारशी कुटुंबांत 1925च्या वारसा कायद्याने पालक नेमण्याचा अधिकार फक्त वडिलांना दिला आहे, मुस्लिम कायद्यातही आईला तो साधारणपणे नाही. हा अन्याय कायम आहे. पण म्हणूनच तिथल्या आईनेही आपली इच्छा लिहून ठेवावी, म्हणजे न्यायालयासमोर ती निदान पोचेल.

दुसरा आक्षेप नातेवाइकांच्या मनाचा: एकाचे नाव लिहिले की दुसरा दुखावतो. दुखावेल, हे मान्य. पण ती नाराजी आई-वडील हयात असताना समजावून दूर करता येते. नंतरचा वाद मुलाच्या डोळ्यांदेखत होतो. परिस्थिती बदलली तर काय, या शंकेचे उत्तर सोपे आहे: मृत्युपत्र हयातीत कितीही वेळा बदलता येते. आणि ‘आमच्याकडे आहेच काय’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की हा प्रश्न इस्टेटीचा नाहीच.

प्रत्यक्ष काम अवघड नाही. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. गोव्यात वारसा कायदा वेगळा असल्याने तिथे स्थानिक वकिलाला विचारावे. ज्याचे नाव लिहायचे त्याला आधी विचारावे, तो नाही म्हणाला किंवा आधी गेला तर कोण, हेही लिहावे. मूल 18 वर्षांचे झाले की ही तरतूद आपोआप निकामी होते. ती कधीच वापरावी लागली नाही, तर उत्तमच; लिहायला लागलेल्या एका संध्याकाळपलीकडे त्यात काही गमावलेले नसते.