पायरीपाशी पाहिलेली वाट

‘देवाच्या मनात असेल तेव्हा होईल.’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेले असते आणि दुसऱ्याला ऐकवलेलेही असते. मुलाला नोकरी लागत नाही, घरातले आजारपण वर्ष उलटले तरी हटत नाही, कोर्टातली तारीख पुढे पुढेच जाते. अशा वेळी धीर द्यायला आलेला माणूस दुसरे काय बोलणार? वाक्य खोटे आहे असे मी म्हणत नाही. पण ते कोण कोणाला म्हणतो, यावर त्याची किंमत ठरते. त्याविषयी आज थोडे बोलू या, आणि त्यासाठी पंढरपूरला जाऊ या. वाट पाहणे म्हणजे काय, हे पंढरपूरइतके क्वचितच दुसऱ्या एखाद्या गावाला ठाऊक असेल.

पुंडलिकाची कथा आपल्याला पाठ आहे. देव दारात आला तेव्हा पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत होता. त्याने वीट पुढे सरकवली आणि देवाला थांबायला सांगितले. देव कमरेवर हात ठेवून उभा राहिला, तो आजतागायत. अठ्ठावीस युगांचा हिशोब कोणी मांडत बसू नये, पण कथेचा रोख ध्यानात घ्यावा. इतर ठिकाणी भक्त ताटकळतो. इथे देवच ताटकळत उभा आहे.

आता या देवासमोर चौदाव्या शतकात आलेल्या एका भक्ताकडे पाहा. चोखोबा मंगळवेढ्याचे, पंढरपूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवरचे. जातीने महार, म्हणून देवळात प्रवेश नाही. विठोबा आत उभा आणि चोखोबा बाहेर. आषाढीला दर्शनबारी फार लांबते तेव्हा आजही कितीतरी वारकरी कळसाला हात जोडून माघारी फिरतात. त्यांना निदान एवढे ठाऊक असते, की बारीत उभे राहिलो असतो तर कधी तरी विटेपाशी पोहोचलो असतो. चोखोबांची बारी सरकणारी नव्हती. त्यांना जन्मभर कळसच.

अशा माणसाने देवावर भरवसा कसा ठेवला असेल? त्यांचे अभंग वाचावेत. ‘श्रद्धावान माणूस तक्रार करत नाही’ ही आपली समजूत तिथे टिकत नाही. बडवे आपल्याला मारतात, माझा असा काय अपराध झाला, असे ते विठोबालाच विचारतात आणि धावून ये म्हणतात. काही अभंगांत ते आपल्या स्थितीचे कारण पूर्वजन्मात शोधतात. म्हणजे काळाने शिकवलेले उत्तरही त्यांनी घेऊन पाहिले, पण त्याने त्यांचे विचारणे काही थांबले नाही.

घरातले बाकीचे लोकही अभंग रचणारे. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा. सोयराबाई विचारतात, विटाळ देहाचा म्हणता, तर त्यावाचून देह कोणाचा झाला आहे? कर्ममेळ्याचा सूर तर आणखी कडक. असा जन्म का दिलास, असे तो देवाला तोंडावर विचारतो. वडील तक्रार करतात तीही लळ्याने. मुलाच्या बोलण्यात लळा कमी आणि जाब जास्त. वारकरी परंपरेने ही दोघांचीही वाणी जपून ठेवली, हे मला फार मोलाचे वाटते. भरवसा म्हणजे तोंड मिटून बसणे नव्हे, हे तिथे कोणाला वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

१३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली. तिच्याखाली चोखोबा गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली, असे परंपरा सांगते. ढिगाऱ्यात अस्थी ओळखायच्या कशा, तर ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या, अशी कथा आहे.

इथे आपले कीर्तनकार थोडी घाई करतात, असे मला वाटते. चोखोबांना देवाच्या पायाशी जागा मिळाली, वाट पाहिल्याचे सार्थक झाले, असे म्हणून ते अभंग संपवतात. पण समाधी बाहेरच होती. पुढची सहाशे वर्षे त्यांचे जातभाईही बाहेरच राहिले. ‘देवाची इच्छा’ हे शब्द चोखोबांच्या तोंडी असतात तेव्हा तो भरवसा असतो. दाराच्या आत उभा असलेला माणूस तेच शब्द बाहेरच्याला ऐकवतो, तेव्हा ते कुलूप होते.

हे कुलूप उघडायला निघालेल्यांनी देवाचा हेतू वेगवेगळ्या तऱ्हेने वाचला. नाशिकला २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि काही वर्षे चालला. दार उघडले नाही. १९३५ मध्ये येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली आणि १९५६ मध्ये नागपूरला लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. आता या दाराशी थांबायचे नाही, हे त्यांचे उत्तर. तरीही अस्पृश्यतेच्या उगमाविषयीचा आपला इंग्रजी ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध करताना तो त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला. वाट पाहण्याचे नाकारणाऱ्याने वाट पाहणाऱ्याला केलेला हा नमस्कार आहे. त्याचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

साने गुरुजींची रीत निराळी. विठोबाला दार उघडे हवे आहे, याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. शंका होती ती माणसांविषयी. उपोषणाचा निर्धार केल्यावरही सहकाऱ्यांच्या आग्रहावरून त्यांनी ते काही महिने पुढे ढकलले. मात्र ते महिने नुसते जाऊ दिले नाहीत. गावोगाव फिरून लोकांशी बोलले, आणि त्या दौऱ्यात कितीतरी गावांतली देवळे आणि विहिरी खुल्या झाल्या. मग १ मे १९४७ रोजी पंढरपूरला उपोषण सुरू केले. गांधीजींना हा मार्ग आरंभी पसंत नव्हता. दहाव्या दिवशी, १० मे रोजी, मंदिर सर्वांना खुले करण्याचे मान्य झाले आणि उपोषण सुटले.

आपल्या घरातल्या वाट पाहण्याला एवढा इतिहास नसतो. पण दवाखान्याच्या बाकावर रात्र काढणाऱ्या बाईला ‘देवाच्या मनात काही तरी चांगलेच असेल’ असे सांगण्याआधी, तिला घरून डबा आणून द्यावा, तासभर तिच्या जागी बसावे. देवाच्या मनात काय आहे ते ती बोलली, तर ऐकून घ्यावे. ती देवावर चिडलेली असली तरी ऐकावे. कर्ममेळ्याचेही विठोबाने ऐकूनच घेतले होते.

पंढरपूरला महाद्वाराशी गेलात तर नामदेवांची पायरी आणि समोर चोखोबांची समाधी दिसेल. आत जाणारे वारकरी आधी तिथे वाकतात. विठोबाच्या दर्शनाला तास न् तास लागतात. चोखोबांच्या समाधीपाशी बारी नसते.