पॅरिशच्या वहीतली तुटक लॅटिन

आयर्लंडमधील कॅथलिक पॅरिशच्या अनेक जुन्या नोंदवह्या लॅटिनमध्ये आहेत, आणि ती लॅटिन बहुतेक वेळा अर्ध्या शब्दांची आहे. आयरिश घराण्याचा मागोवा घेणाऱ्याला या वह्या टाळता येत नाहीत. सर्वांच्या जन्माची सरकारी नोंद तेथे १८६४ मध्ये सुरू झाली. १९२२ मध्ये यादवीच्या काळात डब्लिनचे सरकारी अभिलेखागार जळाले आणि १८२१ ते १८५१ या काळातील शिरगणतीचे बहुतेक कागद त्यात गेले. कॅथलिक वह्या मात्र आपापल्या पॅरिशमध्येच असल्याने वाचल्या. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ पासून त्यांच्या प्रतिमा इंटरनेटवर मोफत खुल्या केल्या आहेत.

विवाह आणि बाप्तिस्म्याची वही ठेवण्याचा नियम ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये घातला. १६१४ च्या रोमन विधिग्रंथात नोंदींचा मजकूरही ठरवून देण्यात आला. वाक्य ठरलेले असल्यामुळे ते पूर्ण लिहिण्याचे कारण उरले नाही. शब्द तोडण्याची कला त्याहून कितीतरी जुनी. चर्मपत्र महाग होते तेव्हापासून लेखनिक ती वापरत आले. आद्रियानो काप्पेल्ली या इटालियन अभिलेखपालाने १८९९ मध्ये अशा संक्षेपांचा कोश काढला, त्यात सुमारे १४ हजार रूपे आहेत. पॅरिशच्या वहीसाठी त्यांतली काही डझन पुरतात.

संक्षेपाच्या रीती मुख्यतः दोन. एकीत शब्दाची सुरुवात ठेवून शेवट तोडतात, दुसरीत मधली अक्षरे गाळून शेवट राखतात. स्वरावर आडवी रेघ असेल तर तेथे बहुधा ‘म’ किंवा ‘न’ गाळलेला असतो. खरी अडचण पहिल्या रीतीत आहे, कारण लॅटिनमध्ये लिंग आणि विभक्ती दोन्ही शब्दाच्या शेवटात असतात. ‘बाप्ट. योआन. फिल. याकोबी’ ही नोंद घ्या. ‘बाप्ट.’ म्हणजे बाप्तिस्मा झाला, ‘फिल.’ म्हणजे अपत्य. पण योआन्नेस हा मुलगा की योआन्ना ही मुलगी? ‘फिल.’ हे फिलियुस, म्हणजे मुलगा, आणि फिलिया, म्हणजे मुलगी, या दोघांचेही तुटके रूप असल्याने त्याचा काही उपयोग होत नाही. अशा वेळी त्याच पाद्र्याने मारिया किंवा पात्रिसियुस यांच्या नोंदी कशा लिहिल्या ते पाहावे लागते. काही जण शेवटचे अक्षर जोडून फरक दाखवत, काही सरसकट ‘फिल.’ लिहून मोकळे होत. दुसऱ्या प्रकारच्या पाद्र्याशी गाठ पडली तर पुढची विवाहनोंद सापडेपर्यंत उत्तर अडलेलेच राहते.

वरच्या नोंदीतील ‘याकोबी’ हे वडिलांचे नाव नव्हे, ती याकोबुसची षष्ठी आहे: याकोबुसचा. संस्कृत शिकलेल्या वाचकाला हे चटकन उमगेल. ‘मी बाप्तिस्मा दिला’ अशी वाक्यरचना असेल तर मूल द्वितीयेत जाते आणि योआन्नेसचा योआन्नेम होतो. शिवाय याकोबुसला घरी कोणी याकोबुस म्हणत नसे, तो जेम्स. एउजेनियुस बऱ्याचदा ओवेन निघतो. आडनावाला सहसा हात लावलेला नसतो.

‘स्प.’ हा संक्षेप जागा पाहून वाचायचा असतो. बाप्तिस्म्याच्या नोंदीत तो धर्मपिता आणि धर्ममाता यांच्यासाठी येतो, विवाहाच्या नोंदीत वर किंवा वधूसाठी. तारखांमध्ये ‘७बेर’ म्हणजे जुलै नव्हे, सप्टेंबर, ‘८बेर’ ऑक्टोबर. जुन्या रोमन पंचांगात वर्ष मार्चमध्ये सुरू होई, त्यातून ही नावे आली.

सर्वात मोलाचा संक्षेप विवाहनोंदीत सापडतो: ‘दिस्प.’, म्हणजे चर्चने दिलेली विशेष सूट, आणि त्यापुढे ‘३ कोन्सांग.’, म्हणजे रक्तनात्याची तिसरी पायरी, यासारखे काही. १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेपासून १९१७ पर्यंत रक्ताच्या नात्यात चौथ्या पायरीपर्यंत विवाहास मनाई होती. पायऱ्या समाईक पूर्वजापासून मोजत. दुसरी पायरी म्हणजे दोघांचे आजोबा-आजी एक, तिसरी म्हणजे पणजोबा-पणजी एक, चौथी म्हणजे खापरपणजोबांच्या पिढीत नाते. ‘३ व ४’ असे असेल तर वधू-वर समाईक पूर्वजापासून वेगवेगळ्या पिढ्यांवर आहेत. ज्या पिढ्यांच्या वह्याच उरलेल्या नाहीत, त्यांचा एक धागा असा दोन आकड्यांत मिळतो. मात्र ‘आफिन.’ असेल तर ते रक्ताचे नाते नसून आधीच्या लग्नातून जुळलेले सोयरे नाते असते. ही दोन रूपे एकमेकांच्या जागी वाचली की वंशवृक्षात नसलेली फांदी उगवते.

गोव्यातील चर्चच्या जुन्या नोंदी ट्रेंटच्याच नियमातून आल्या, पण त्या मुख्यतः पोर्तुगीजमध्ये आहेत. तेथे दुसऱ्या रीतीचा भर दिसतो: नावाची मधली अक्षरे गाळून शेवटची एक-दोन किंचित वर लिहितात. फ्रान्सिस्कोचा शेवटचा ‘को’ आणि फ्रान्सिस्काचा ‘का’ त्यामुळे शाबूत राहतो, आणि मुलगा की मुलगी हा प्रश्न सहसा पडत नाही. ‘७ब्रो’ म्हणजे सप्टेंबर हे मात्र तेथेही लक्षात ठेवावे लागते.