घरातली सायकल आणि सीटची उंची

हौसेने आणलेली व्यायामाची सायकल महिन्याभरात कपडे वाळत घालायची जागा होते, हे आपण अनेक घरांत पाहतो. आमच्या मते दोष दरवेळी आळसाचा नसतो. सीट फार खाली असते, गुडघे दुखू लागतात आणि अम्मी म्हणतात, "हे माझ्याच्यानं व्हायचं नाही." ज्यांना बाहेर फिरायला जाणे जमत नाही, नेमका त्यांचाच व्यायाम सुटतो.

म्हणून आधी सीट बघावी. शेजारी उभे राहिल्यावर ती साधारण कमरेच्या हाडापर्यंत यावी. पेडल अगदी खाली असताना गुडघा किंचित वाकलेला हवा. कंबर डावी-उजवीकडे झुकू लागली, तर सीट जास्त उंच झाली. ओढणी खोचून घ्यावी. सलवारीची मोहरी पेडलमध्ये अडकते.

सुरुवातीला दहा मिनिटे, कमी ताणावर, पुरे. बोलता यावे पण गाता येऊ नये, इतकाच दम लागावा. मीटरवरच्या कॅलरींवर आम्ही फारसा भरवसा ठेवत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. तिथवर जायला दोन महिने लागले तरी चालेल.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी, रोजांच्या दिवसांत तर नक्कीच. हात थरथरले, घाम फुटला तर उतरून लगेच साखर खावी. छातीत दुखले तर थांबावे आणि ताबडतोब दवाखाना गाठावा.