मडके फोडणारा मुलगा आणि गंगाजलाने धुतलेला पुतळा

जगजीवनराम म्हणजे काँग्रेसचे, एवढे बोलून आपल्याकडे विषय संपतो. त्यात चुकीचे काही नाही. १९३५ साली येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्याच वर्षी काँग्रेसच्या छायेत उभ्या राहिलेल्या डिप्रेस्ड क्लासेस लीगमध्ये जगजीवनराम होते. हिंदू समाजात राहूनच हक्क मिळवावेत, हे त्यांचे मत. ते आपल्याला मान्य नव्हते व नाही. तरीही हा माणूस देशाचा संरक्षणमंत्री दोनदा झाला आणि शेवटपर्यंत त्याची जात कोणी विसरले नाही. म्हणून वाचकहो, त्यांची हकिगत घरातल्या मुलांना सांगण्यासारखी आहे.

५ एप्रिल १९०८ रोजी बिहारमधील आऱ्याजवळच्या चंदवा गावी चर्मकार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील शोभीराम ब्रिटिश लष्करात होते; पुढे नोकरी सोडून ते शिवनारायणी पंथाचे महंत झाले. ते लवकर वारले. मुलाचे शिक्षण आई वासंतीदेवींनी नेटाने चालू ठेवले. आऱ्याच्या शाळेत अस्पृश्यांसाठी पाण्याचे वेगळे मडके ठेवले, ते या मुलाने फोडले. नवे ठेवले, तेही फोडले. शेवटी मुख्याध्यापकांनी वेगळे मडके ठेवणेच बंद केले. पुढे काशीच्या हिंदू विद्यापीठात न्हावी केस कापीना, वसतिगृहात जेवण वाढताना विटाळ. त्यांनी काशी सोडली व १९३१ मध्ये कलकत्ता विद्यापीठाची बी.एस्सी. मिळवली.

१९४६ मध्ये हंगामी सरकारात ते मजूरमंत्री झाले. त्याआधी १९४२ पासून व्हाइसरॉयच्या मंडळात हेच खाते बाबासाहेबांकडे होते. किमान वेतनाच्या कायद्याची आणि कामगार विम्याची तयारी बाबासाहेबांच्या काळात झाली. दोन्ही कायदे १९४८ मध्ये जगजीवनराम मंत्री असताना मंजूर झाले. आपल्यापैकी ज्यांच्या खिशात ई.एस.आय.चे कार्ड असते, त्यांनी ही दोन्ही नावे लक्षात ठेवावीत.

नंतर दळणवळण, रेल्वे, अन्न व शेती अशी खाती आली. १९७० मध्ये संरक्षण खाते मिळाले. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात पाकिस्तानी फौजांनी शरणागती पत्करली, सुमारे ९३ हजार युद्धकैदी हाती आले, तेव्हा संरक्षणमंत्री तेच होते. १९७५ मध्ये मात्र आणीबाणीला मंजुरी देणारा ठराव लोकसभेत त्यांनीच मांडला. हा डाग पुसता येत नाही. फेब्रुवारी १९७७ मध्ये त्यांनी काँग्रेस सोडली. जनता पक्ष जिंकला. पंतप्रधानपदावर त्यांचा दावा भक्कम होता, पण चरणसिंगांनी मोरारजींच्या पारड्यात वजन टाकले. त्यांच्या वाट्याला पुन्हा संरक्षण खाते आले.

जानेवारी १९७८ मध्ये याच संरक्षणमंत्र्यांनी काशीत संपूर्णानंदांच्या पुतळ्याचे अनावरण केले. ते निघून गेल्यावर काही लोकांनी तो पुतळा गंगाजलाने धुऊन ‘शुद्ध’ केला! ज्या काशीत विद्यार्थीदशेत न्हावी मिळाला नाही, तिथे पन्नास वर्षांनी हे घडले.

त्याच वर्षी घरातूनही घाव बसला. मुलगा सुरेशराम यांची खाजगी छायाचित्रे मेनका गांधी संपादक असलेल्या ‘सूर्या’ मासिकाने छापली. मुलाच्या वागण्याची किंमत बापाने राजकारणात मोजली. १९७९ मध्ये ते उपपंतप्रधान झाले. मोरारजींचे सरकार पडल्यावर पक्षाचे नेतेही झाले. पण राष्ट्रपती संजीव रेड्डींनी त्यांना सरकार बनवायला न बोलावता लोकसभा विसर्जित केली. सुरेशराम १९८५ मध्ये वारले, बाबूजी ६ जुलै १९८६ रोजी.

पत्नी इंद्राणीदेवी कानपूरच्या. डॉक्टरांच्या घरातल्या, स्वतः शिकलेल्या. मुलगी मीराकुमार १९७३ मध्ये परराष्ट्र सेवेत गेल्या. १९८५ च्या बिजनौर पोटनिवडणुकीत त्यांनी मायावती आणि रामविलास पासवान यांना हरवले. पुढे वडिलांच्या सासाराममधून निवडून आल्या आणि २००९ मध्ये लोकसभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. २०१७ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांनी रामनाथ कोविंद यांना उभे केले, विरोधकांनी मीराकुमारांना. दोन्ही दलित. जगजीवनराम यांच्या हयातीत मोठ्या पदासाठी असा सामना कोणी लावला नव्हता. मीराकुमार हरल्या. त्यांचे चिरंजीव अंशुल अविजित २०२४ मध्ये पाटणा साहिबमधून लोकसभेला उभे होते, तेही हरले.