वहीतून पुन्हा ओठांवर

1930 च्या दशकाच्या अखेरीस, महामंदीच्या झळा अजून सोसत असताना, अमेरिकी सरकारच्या रोजगार योजनेतून विस्कॉन्सिन राज्यात एक आगळं काम निघालं. ग्रीन बे शहराजवळच्या, ओनायडा या मूलनिवासी लोकांच्या वस्तीत घरोघरी जायचं आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडच्या गोष्टी त्यांच्याच भाषेत उतरवून घ्यायच्या. लिहिणारे त्याच वस्तीतले स्त्री-पुरुष होते. विस्कॉन्सिन विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ मॉरिस स्वॉडेश यांनी कामाची आखणी केली. पुढे ते सांभाळलं फ्लॉइड लाउन्सबरी या त्यांच्या तरुण विद्यार्थ्याने. तोवर जी भाषा बहुतेकांनी फक्त बोलली होती, ती लिहायला ही माणसं शिकली आणि शेकडो कथा, आठवणी कागदावर आल्या.

गोष्टी अशा उतरवून ठेवायची गरज का पडली, याचं उत्तर ओनायडांच्या इतिहासात आहे. न्यूयॉर्क परिसरातल्या इरोक्वा महासंघाच्या पाच मूळ राष्ट्रांपैकी ओनायडा हे एक. लांडगा, कासव आणि अस्वल ही त्यांची तीन कुळं. मुलाला कूळ मिळतं ते आईचं. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात बहुतेक ओनायडा वसाहतवाल्यांच्या बाजूने लढले, तरी युद्धानंतर त्यांच्या जमिनी हातच्या जातच राहिल्या. 1820 च्या दशकात अनेक कुटुंबं विस्कॉन्सिनला आली. 1887 च्या कायद्याने सामाईक जमिनीचे तुकडे पडले आणि बरीचशी जमीन परक्यांच्या हाती गेली. पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलसारख्या निवासी शाळांनी मुलांच्या तोंडून भाषा काढून घेतली. आजी-नातवंडांमधलं बोलणंच तुटलं, तर गोष्ट पुढे जाणार कशी?

ओनायडांच्या मौखिक परंपरेत करमणुकीपेक्षा कितीतरी जास्त काही साठवलेलं आहे. आकाशातून पडलेल्या स्त्रीसाठी कासवाच्या पाठीवर पृथ्वी कशी झाली, ही सृष्टिकथा त्यात आहे. महासंघाचा शांतीचा कायदाही आहे. पॉली कूपर या ओनायडा स्त्रीची हकिकतही अशीच तोंडी टिकली. 1777-78 च्या हिवाळ्यात व्हॅली फोर्जच्या छावणीत वॉशिंग्टनचे सैनिक उपाशी होते. ओनायडा लोक पांढरा मका घेऊन तिथे पोचले. भुकेलेले सैनिक तो कच्चाच खायला निघाले, तेव्हा पॉलीने त्यांना थांबवलं आणि तो शिजवायची रीत शिकवली. ती रीत आजही तीच आहे: लाकडाच्या राखेच्या पाण्यात दाणे उकळायचे, टोपलीत घोळून घोळून धुवायचे, म्हणजे साल निघते. त्याने मका पचतो आणि त्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं. विस्कॉन्सिनमध्ये ओनायडा कुटुंबं आता पुन्हा एकत्र येऊन हा मका पिकवतात, सोलतात, त्याच्या वेण्या घालून वाळवतात. हकिकत आणि कृती दोन्ही एकाच वेळी मुलांच्या हाती पडतात.

भाषेचं काम मात्र जास्त अवघड आहे. ओनायडात बोलणं थांबतं तिथे शेवटच्या शब्दाचा अखेरचा भाग कुजबुजीत उच्चारला जातो. तोच शब्द वाक्याच्या मधे आला, की खणखणीत ऐकू येतो. लिहिताना कुजबुजीच्या अक्षरांखाली रेघ मारतात, पण रेघ पाहून उच्चार जमत नाही; त्यासाठी बोलणारं माणूस लागतं. मारिया हिंटन यांनी हे ओळखलं होतं. 1910 साली जन्मलेल्या या शिक्षिकेने भाऊ एमॉस क्रिस्टजॉन यांच्यासह ओनायडा शब्दकोश सिद्ध केला. 1996 साली तो प्रसिद्ध झाला, संपादक होते भाषाशास्त्रज्ञ क्लिफर्ड ॲबट. पुढे नव्वदी ओलांडलेल्या मारियाबाईंनी त्यातले शब्द स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केले. 2013 साली त्या गेल्या, पण शिकणाऱ्याला त्यांचा उच्चार आजही ऐकता येतो.

जुन्या वह्यांचंही नशीब उघडलं. त्याच वस्तीत पुढे 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला भरलेल्या, रोजच्या जगण्याच्या हकिकतींच्या दीडशेहून जास्त वह्या विद्यापीठात विस्मरणात गेल्या होत्या. 1990 च्या दशकाच्या अखेरीस त्या सापडल्या. मानववंशशास्त्रज्ञ हर्बर्ट लुइस यांनी त्यांतून निवडलेल्या हकिकती 2005 मध्ये पुस्तकरूपाने आल्या, आणि अनेकांना आपल्याच पणजोबांचं बोलणं वाचायला मिळालं.

आज वस्तीत कासवाच्या आकाराची शाळा आहे. ओनायडा भाषेतली भक्तिगीतं गाणाऱ्या विस्कॉन्सिनच्या गायकवृंदाला 2008 मध्ये राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला. तरीही जन्मापासून ही भाषा बोलत वाढलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. म्हणूनच वह्या, कोश आणि ध्वनिफिती यांचं चीज व्हायचं, तर कुणीतरी मोठ्या वयात अडखळत का होईना ती भाषा शिकून आपल्या मुलाशी घरात बोलायला हवी. ओनायडांमधले काही तरुण आईबाप नेमकं तेच करत आहेत, आणि या परंपरेची खरी भिस्त आता त्यांच्यावर आहे.